शैलाच्या वाट्याला आलेलं वजन

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बाजारपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात शैला कामाला आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी थोडी वाकवायची, आरसा पुढे धरायचा. माणूस आरशात बघू लागला की ती नजर दुसरीकडे वळवते. स्वतःला बघणाऱ्या माणसाला तेवढा वेळ एकटं सोडावं, असं तिला वाटतं. तिला स्वतःला तसं कोणी कधी सोडलेलं नाही.

उंचीने ती बेताची आहे, आणि अंगाने, तिच्याच शब्दांत, भरपूर. हा शब्द ती हसून वापरते. दुसऱ्या कोणी उच्चारण्याआधी आपण उच्चारलेला बरा. दुकानात कोणाचा वाढदिवस असला की ती आधीच जाहीर करते, मी केक नुसता बघितला तरी जाड होते. मग सगळे हसतात आणि सगळ्यांत मोठा तुकडा तिच्याच हातात देतात. तो ती खाते. दुसरा मिळाला तर तोही खाईल, हे तिला माहीत असतं, आणि इतरांनाही माहीत आहे हेही तिला माहीत असतं.

तिची मोठी बहीण देवयानी लंडनमध्ये ईलिंगला राहायची आणि हाउन्सलोला जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर, होती. नागपूरहून डॉक्टर होऊन आलेली, इथल्या इस्पितळांमध्ये रात्रपाळ्या करून वर चढलेली, काठीसारखी ताठ आणि तशीच बारीक. धाकटी शैला पुढे यतीनशी लग्न करून आली. यतीन पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमध्ये नोकरीला लागला तो तिथेच राहिला. दोघी बहिणी एका घरात, एका आईच्या हातचं खाऊन वाढल्या होत्या. तरी लहानपणी शैलाला एका गोष्टीचं नवल वाटायचं. देवयानी अर्धा लाडू खाली ठेवून खेळायला जायची. अर्धा लाडू समोर असताना माणसाला खेळ आठवतो कसा, हे शैलाला कळायचं नाही. तिला वाटायचं, ताईला मन आवरता येतं आणि आपल्याला येत नाही. सगळ्यांना तसंच वाटायचं. असं वाटण्यातच दोघी पन्नाशीला आल्या.

मग देवयानीच्या किडन्या गेल्या.

हळूहळू गेल्या. कित्येक वर्षं आत काहीतरी झिजत होतं आणि डॉक्टर असून तिला पत्ता लागला नाही. कळलं तेव्हा डायलिसिस थोड्या अंतरावर उभं होतं. या आजारात एक गोष्ट शैलाच्या ध्यानात आली आणि ती तिने कोणाला बोलून दाखवली नाही. देवयानीला कोणीही विचारलं नाही की तू असं काय केलंस. भेटायला येणारे सगळे म्हणाले, नशीब. किडनी आतून बिघडली तर ते नशीब असतं. शरीर बाहेरून वाढलं तर तो स्वभाव.

आठवड्यातून तीनदा देवयानी मशीनला जोडली जाऊ लागली. राजीव, तिचा नवरा, आधीच गेलेला. एकुलती एक मुलगी आश्लेषा, इथेच वाढलेली, नुकती कॉलेजातून बाहेर पडून एका लॅबमध्ये लागली होती. तिने लगेच हात वर केला, पण देवयानीने साफ नाकारलं. "पोटच्या पोरीचा अवयव काढून मी जगायचं? विषय बंद." ट्रान्सप्लांटच्या यादीत आपल्या लोकांना जुळणारी किडनी लवकर मिळत नाही, कारण आपले लोक देत नाहीत. हे देवयानी स्वतःच आपल्या पेशंटना सांगत आलेली होती. राहिली शैला.

शैलाच्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, आतलं बाकीचंही जुळलं, इतकं छान जुळलं की कोऑर्डिनेटर नर्स फोनवरच आनंदून गेली. मग सर्जनने शैलाला समोर बसवलं, तो कागद बघत होता, आणि अत्यंत सभ्य आवाजात म्हणाला की किडनी उत्तम आहे, देणारी उत्तम आहे, फक्त आमच्या युनिटची वजनाची एक मर्यादा आहे. त्यावर असलेल्या माणसाला ऑपरेशनचा धोका वाढतो, आणि निरोगी माणसाला आम्ही धोक्यात घालत नाही. चौऱ्याण्णवचे चौऱ्याऐंशी करून या.

दहा किलो. परतताना गाडीत यतीन म्हणाला, "दहा म्हणजे काही फार नाही गं. विमानात हातातल्या बॅगेला जरा जास्तच."

"बॅग खाली ठेवता येते," शैला म्हणाली.

तरी ती त्या दिवशी आनंदात होती. जन्मभर ज्या शरीराने तिला खाली मान घालायला लावली, त्याच शरीरात ताईचं आयुष्य ठेवलेलं होतं. दहा किलो बाजूला सारले की ते हाताला लागणार होतं.

ती चालायला लागली. दुकानापर्यंत पायी, परत पायी, पावसात पायी. साखर सोडली. भात सोडला. चार किलो गेले. मग काटा थांबला, आणि नंतर मागे फिरला. भूक कमी करणारं, आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शनही घेऊन झालं. त्याने तिला इतक्या उलट्या झाल्या, अंगातलं पाणी इतकं कमी झालं की रक्तातले किडनीचे आकडे हलले. जी किडनी द्यायची तिलाच इजा नको म्हणून डॉक्टरांनी ते बंद केलं. डाएटिशियन दर वेळी विचारायची, सकाळी काय जेवलात, दुपारी काय, रात्री काय. शैला खरं खरं सांगायची. बाई ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि म्हणायची, एवढ्यावर वजन उतरायला हवं. "हवं" या शब्दापाशी थोडं थांबायची. त्या थांबण्याचा अर्थ शैलाला शाळेपासून ओळखीचा होता.

वर्ष उलटलं. देवयानीचा रंग राखेसारखा झाला. हातावरची डायलिसिसची शीर फुगून दोरीसारखी दिसू लागली. एका शनिवारी शैला गेली तेव्हा ती सोफ्यावर डोळे मिटून पडली होती. शैलाने विचारलं, "ताई, चहा टाकू घोटभर?"

"वजन किती झालं?"

"एक्क्याण्णव."

"मागच्या महिन्यात नव्वद होतं."

शैलाने तिच्या पायांवरची शाल सरळ केली.

"मी तीस वर्षं हेच बघत आलेय, शैलू," देवयानी डोळे न उघडता म्हणाली. "ज्याला करायचं असतं तो करतो. तुला द्यायचीच नाहीये. तसं सांग ना मला. मी रागावणार नाही."

शैलाने चहा टाकला. दोन कप केले. ताईचा तिच्या जवळ ठेवला, आपला स्वयंपाकघरात उभ्यानेच प्याली. घरी परतताना गाडीत ती रडली नाही. तिच्या मनात एकच भीती होती, ताई म्हणते ते खरं तर नसेल? आपल्याच आत कुणीतरी बसलेलं असेल, ज्याला द्यायचं नाही, आणि तेच हात पुढे करून जेवत असेल?

हे तिने रात्री यतीनला सांगितलं, आणि यतीनने आश्लेषाला सांगितलं असावं. कारण पुढच्या आठवड्यात ती बेसिंगस्टोकला आली आणि टेबलावर एक छोटी डबी ठेवली.

"मावशी, हा टेस्ट करशील? नळीत थुंकी टाकायचा, बस. डीएनए कळतो."

"कशाला गं? माझं काय कळायचं राहिलंय?"

"आईचा पण केलाय मी. तिला सांगितलं ॲन्सेस्ट्रीसाठी आहे," आश्लेषा डोळे मिचकावून म्हणाली. "म्हटलं, तुझे पूर्वज कोकणातले की इराणातले बघू. लगेच थुंकली. ब्राह्मणी गर्व."

शैला खूप दिवसांनी हसली, आणि नळीत थुंकली.

निकाल आले तेव्हा आश्लेषा दोघींना समोरासमोर घेऊन बसली, ईलिंगला, डायलिसिस नसलेल्या दिवशी. तिला मराठी शब्द सापडत नव्हते म्हणून ती हातांनी बोलत होती. माणसाच्या गुणसूत्रांत एफटीओ नावाची एक जागा आहे. तिथे एका अक्षराचा फरक असतो. तो काही दुर्मीळ नाही, जगात करोडो लोकांत आहे. ज्यांना तो आई आणि वडील दोघांकडून मिळतो, ते सरासरी तीनेक किलो जास्त भरतात, आणि त्यांच्यात लठ्ठपणा जास्त आढळतो. आळस किंवा हावरेपणा यांच्याशी त्याचा संबंध लागत नाही. संबंध लागतो तो भुकेशी. जेवल्यावर पोट भरलं असं मेंदूला कळायचं असतं, ते या लोकांना कमी कळतं, उशिरा कळतं.

"मावशीकडे दोन कॉपी आहे. आईकडे झिरो."

"म्हणजे एकाच आईबापांच्या..." शैला म्हणाली.

"हो ना. आजीकडे एक असेल, आजोबांकडे एक असेल. तुला दोन्ही आला. आईला एक पण नाही. लॉटरी."

शैलाला अर्धा लाडू आठवला. खाली ठेवलेला, मुंग्या लागण्याआधी तिने उचललेला. ताईला मन आवरावंच लागलं नव्हतं. तिला फक्त पुरे झालं होतं.

पण तिने दुसरंच विचारलं. "तीन किलो म्हणालीस?"

"ॲव्हरेज. कोणाचा जास्त, कोणाचा कमी."

"माझ्यावर पंचवीस जास्तीचे आहेत. बाकीचे कोणाचे?"

आश्लेषाने पुन्हा निकालात बघितलं. देवयानी डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, "तेच तर. हे असलं कळून उपयोग काय? पेशंटला निमित्त मिळतं. ज्यांच्यात हा जीन आहे तेही चालले, कमी खाल्लं, तर बारीक होतात. जीन म्हणजे काही शिक्षा ठोठावलेली नाही."

"आई, कोण म्हणतो शिक्षा? मी म्हणते फक्त तिला हार्डर आहे. तुला इझी आहे. तू त्याचा क्रेडिट घेते."

"घेतेस," देवयानीने सवयीने चूक सुधारली, आणि मग मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिली.

त्या दिवशी काहीही सुटलं नाही. पण आपल्या आत न देणारं कोणी बसलेलं नाही, एवढं शैलाला समजलं. पोट भरल्याचा निरोप घेऊन निघणारं कोणीतरी आत आहे, ते वाटेत कुठेतरी बसून राहतं, एवढंच. तिला त्याचा राग येईना. तेही तिच्यासारखंच असेल, जरा जड, जरा उशिरा पोचणारं.

शनिवारचं तिचं येणं चालूच होतं. ती येऊन दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवायची. किडनीच्या पेशंटचं खाणं अवघड. बटाटे चिरून भिजत घालायचे, उकळायचे, पाणी फेकायचं, टोमॅटो नाही, डाळ बेताची, मीठ नावाला. त्यातून काहीतरी चवीचं काढायला शैला जिवाचं रान करायची. आधीच कमी खाणाऱ्या देवयानीला आता अन्नाचा वासही नको व्हायचा. तोंडाला सतत धातूची चव यायची. तरी त्या शनिवारी ती आपणहून म्हणाली, "गोळाभात करशील? आई करायची तसा. एक घास खाईन."

शैलाने भात केला. बेसनाचे गोळे थोडेच घातले, डॉक्टरी हिशेबाने. वरून लसणाची फोडणी. पानात वाढला तेव्हा नागपूरचं घर उठून आल्यासारखा वास सुटला. देवयानीने दोन घास खाल्ले, तिसऱ्याला थांबली आणि चमचा ठेवला. "छान झालाय गं. पण नाही जात."

"राहू दे," शैला म्हणाली, आणि पान उचलून आत गेली.

थोड्या वेळाने गोळी घ्यायला पाणी हवं म्हणून देवयानी भिंतीला धरत स्वयंपाकघरात आली. शैला सिंकपाशी पाठमोरी उभी होती. एका हातात पातेलं, दुसऱ्यात डाव. ती पातेल्याच्या तळाचा भात खरवडून खात होती. पानातला आधीच संपला होता.

"काय खातेयस?"

शैला दचकलीसुद्धा नाही. "काही नाही गं. संपवतेय."

"संपवतेय म्हणजे?"

"एवढंसं उरलंय. उद्या तू खाणार नाहीस. टाकायचं कशाला?"

देवयानी तिच्याकडे बघत राहिली. "हे तू डाएटिशियनला सांगतेस?"

"हे काय सांगायचं? ती विचारते, जेवलात काय. जेवते तेवढं सांगते."

"मग हे काय आहे?"

"जेवण म्हणजे ताट घेऊन बसतो ते. हे आवरणं."

देवयानी स्टुलावर बसली. आधी तिला हसू आलं, आणि ते थांबेना. दोरीसारखी शीर असलेला हात छातीशी धरून ती हसत राहिली. "आवरणं! अगं बाई... तुझी ती इंग्लिश डाएटिशियन जन्मभर डोकं आपटत बसली असती तरी तिला हे सापडलं नसतं. घरी पण?"

"यतीनचं उरतं ना रोज. आणि बरणीच्या तळाशी वगैरे."

"आणि इथे? दर शनिवारी?"

शैला पातेल्याकडे बघू लागली. तेव्हा देवयानीचं हसू थांबलं. वर्षभर शनिवारी तिच्यासाठी शिजवलेलं, तिला न गेलेलं, या उभ्या असलेल्या बाईच्या अंगात गेलं होतं. ज्या दिवशी ती "तुला द्यायचीच नाहीये" म्हणाली, त्या दिवशीही गेलं असणार.

"माझंच उष्टं खातेयस तू," ती हळू म्हणाली. "आजचं नाही. मी पानात टाकून उठायचे, आणि आई पान तुझ्याकडे सरकवायची. शैलू, ताईचं संपव, अन्न टाकू नये. आणि तू दुसरी पोळी मागितलीस की म्हणायची, पुरे आता, किती खाशील."

"हो. दोन्ही म्हणायची," शैला म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, असं तिने तेव्हापासून मानून घेतलं होतं.

देवयानीने उठून तिच्या हातातलं पातेलं घेतलं. कौन्सिलने दिलेल्या फूड वेस्टच्या डब्याचं झाकण उघडून तिने उरलेला भात त्यात खरवडून टाकला. शैलाने तोंड फिरवलं. भरल्या ताटावरून कोणाला तरी उठवल्यासारखं तिला वाटलं.

त्यानंतर दर शनिवारी हे काम देवयानीने स्वतःकडे घेतलं. शैलाने मुठीएवढाच स्वयंपाक करायचा, आणि जे उरेल ते देवयानीने आपल्या हाताने टाकायचं. बेसिंगस्टोकला ते यतीन करू लागला. तो टाकताना डोळे मिटायचा. त्यालाही तसंच वाढवलेलं होतं.

सोपं झालं नाही. उरलंसुरलं बंद झाल्यावर शैलाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची भूक उघडी दिसली. आधी ती कामाच्या ओघात येऊन जायची, आता समोर येऊन बसली. गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी वाकवताना ती असायची. चालताना असायची. जेवून उठल्यावरही ती जागची हलायची नाही. शैला तिला म्हणायची, बस. ताईचं होईपर्यंत बस. लोक उपासाला देवाचं नाव घेतात, तिने ताईचं घेतलं. पंख्याखाली मेणबत्ती जळावी तसं वजन उतरू लागलं, विझतंय की टिकतंय हे न कळता. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. बरेच दिवस सत्त्याऐंशीच. मग पंच्याऐंशी. कोऑर्डिनेटर नर्स फोनवर म्हणाली, आता आपण तारखांचं बोलू शकतो.

त्र्याऐंशी भरलं त्या दिवशी शैलाने दुकानातून अर्धा दिवस घेतला. फोनवर सांगायचं नव्हतं. ती ट्रेनमध्ये असतानाच आश्लेषाचा फोन आला. डायलिसिस चालू असताना देवयानीच्या हृदयाने हात टेकले होते.

ती वाचली, पण हृदय फार थोडं काम करत राहिलं. हृदयाच्या कन्सल्टंटने आश्लेषाला आणि शैलाला बाजूच्या खोलीत नेलं. ट्रान्सप्लांटचं ऑपरेशन हे हृदय सोसणार नाही, असं तो म्हणाला. आत्ता नाही. शैलाने विचारलं, "नंतर?" त्याने उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात तिला कळलं.

देवयानी उशांच्या आधाराने टेकून बसली होती. शैलाला बघून तिने विचारलं, "किती?"

"त्र्याऐंशी."

"बघू." तिने शैलाचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला, पेशंटचा वळवावा तसा. "मान दिसायला लागली तुझी. आईची मान आहे."

शैला खुर्चीत बसली.

"मी म्हटलं होतं ना, तुला द्यायची नाहीये."

"सोड ना ताई ते."

"नाही सोडत. डॉक्टरच्या तोंडाने म्हटलं मी ते. बहीण म्हणून भांडले असते तर एक वेळ चाललं असतं." तिला दम लागला. ती थांबली, मग पुन्हा बोलली. "किती बायकांना सांगितलं असेन मी, कमी खा, चाला. खोटं नव्हतं ते. पण ज्या आवाजात सांगितलं ना... त्या माझ्या समोरून उठून दारापर्यंत जायच्या तेव्हा कशा चालायच्या, ते मी कधी बघितलं नाही. कॉम्प्युटरकडे बघत असायचे."

"तू बरी झालीस की बघ."

"शैलू." देवयानीने तिच्या मनगटावर हात ठेवला. "आता जेव तू. पोटभर जेव."

"भूक नाहीये," शैला म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं की ते खरं होतं.

मार्च संपता संपता देवयानी गेली.

ईलिंगच्या घरी लोक येऊन जात होते. महाराष्ट्र मंडळातल्या बायका डबे घेऊन येत, फोटोपुढे हात जोडत, चपला कुठे काढल्या ते विसरत. त्यांच्यातल्या वीणाने शैलाला दारातच मिठी मारली, मग हातभर लांब धरून तिच्याकडे पाहिलं. दोघींची वर्षभरात भेट झालेली नव्हती.

"अगं, किती बारीक झालीस! मी ओळखलंच नाही. काय केलंस गं? मला पण सांग."

"ताईला किडनी द्यायची होती."

"हो का? मग दिलीस?"

"नाही," शैला म्हणाली. "पोचले नाही वेळेत."

वीणाचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला. काढावा की ठेवावा हे तिला कळेना. मग कोणीतरी चहा आणला.

पुढे कित्येक आठवडे शैलाला भूक लागली नाही. ब्याऐंशी झालं, ऐंशी झालं, मग तिने काट्यावर उभं राहणं सोडलं. सगळे म्हणायचे, तब्येत छान दिसतेय. दुकानात कोणीतरी नवा केक आणला आणि ती नको म्हणाली, तर कोणी हसलं नाही. तिला वाटायचं, दोन किडन्या आत आपापलं काम करताहेत, एक उगाचच. यतीन ताट तिच्यासमोर ठेवून म्हणायचा, "मी पूर्वी तुला सांगायचो कमी खा, आता सांगतो खा. दोन्ही वेळेला मीच मूर्ख." ती घासभर खायची, आणि तो बाकीचं डोळे मिटून टाकायचा.

जूनमध्ये आश्लेषाने घर विकायचं ठरवलं. ती आणि शैला ईलिंगच्या घरी सामान बांधायला बसल्या. सोफा गेला होता, पडदे काढले होते, रिकाम्या खोलीत दोघींचे आवाज मोठे वाटत होते. देवयानीच्या साड्या खोक्यात भरता भरता शैलाच्या पोटातून आवाज आला, असा मोठा की आश्लेषाने वळून बघितलं.

"मावशी, तुझा पोट होता तो?"

शैलाने पोटावर हात ठेवला. आत काहीतरी जागं होत होतं, जुनं, ओळखीचं, निर्लज्ज. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातात ताईची साडी होती आणि तिला खायला हवं होतं.

"लागला ना भूक? मला पण लागलाय. चिप्स आणते कोपऱ्यावरून." आश्लेषा उठली, दारात थांबली. "मावशी, आईला लागायचा का कधी? म्हणजे लहान असताना. अशी खूप?"

शैलाने आठवून बघितलं. नागपूरचं घर, दोन पानं, आईचा आवाज. त्या घरात तिच्या स्वतःच्या भुकेची सगळ्यांना सगळी माहिती होती. ताईच्या भुकेची कोणालाच नव्हती. ती कमी खाते म्हणजे तिला कमी लागते, एवढ्यावर सगळे थांबले होते. कोणी वाढून देईल म्हणून ती कधी वाट बघत बसली होती का, आणि वाट बघून उठली होती का, हे आता सांगायला कोणी नव्हतं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "मी कधी विचारलं नाही."

आश्लेषा गेली आणि तळलेल्या बटाट्याच्या जाड चिप्सचं गरम पुडकं घेऊन आली. खोलीभर व्हिनेगरचा वास पसरला. दोघी खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसल्या. शैलाने एक चिप उचलली, जीभ भाजली, तरी दुसरी उचलली. मग ती खातच राहिली, साऱ्या अंगाने, मान खाली घालून, आणि खाता खाता रडू लागली. आश्लेषा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि पुडकं थोडं थोडं तिच्याकडे सरकवत राहिली.